'या वयात मेंदू काही नवीन घेत नाही': विश्वस्तांना एका निवासीचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
आमचं ज्येष्ठ नागरिक निवास, नाशिक

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात भोजनगृहाबाहेरच्या फलकावर तुम्ही नवी दिनचर्या लावलीत. मुख्य फाटकाला दिवसभर कुलूप, बाहेर पडायचं तर नातेवाइकाची लेखी परवानगी. मागची बाग बंद. दिवाळीनंतर तिथे पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावण्याची सोय होणार. स्वयंपाकघरात निवाशांना मज्जाव. वाचनाची खोली कार्यालयाकडे. दोन्ही वेळचं जेवण ज्याच्या त्याच्या खोलीत. आणि या सगळ्याच्या बदल्यात प्रत्येक खोलीत टीव्ही. खाली शिक्का, सही आणि एक ओळ: 'निवाशांच्या सुरक्षिततेसाठी व आरामासाठी.'

आम्ही काही जण भेटायला आलो तेव्हा तुम्ही चांगलं वागलात, चहा दिलात. पण तुमच्यापैकी एक विश्वस्त मला म्हणाले, "मावशी, आता या वयात मेंदू काही नवीन घेत नाही. आयुष्यभर पुष्कळ केलंत, आता आराम करा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण ते वाक्य चुकीचं आहे, आणि तुमची सगळी दिनचर्या त्याच एका वाक्यावर उभी आहे.

त्यानंतर आम्ही लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि नाशिकची हवा बरी म्हणून मुंबई-पुण्याची मुलं आपल्या आईवडिलांना ज्या ज्या निवासांत आणून ठेवतात, तिथल्या कारभाऱ्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. मी इथे राहते. पूर्वी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. माझी थोरली बहीण स्मृतिभ्रंशाने गेली. शेवटची काही वर्षं ती मला आईच्या नावाने हाक मारायची. देशात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना हा आजार असावा असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आमच्यासारख्या निवासात हा आकडा म्हणजे शेजारच्या खोल्या. त्यामुळे मेंदूबद्दल कुणी सहज काही बोललं की मला ते सहज सोडता येत नाही.

तुमचं वाक्य मुळात तुमचं नाहीच. शंभर वर्षांपूर्वी ते विज्ञानाचंच मत होतं. चेतापेशींची रचना पहिल्यांदा नीट उलगडून दाखवणारे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल, ज्यांना १९०६ साली नोबेल मिळालं, त्यांनी लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूतल्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात. तिथे पेशी मरतात, नव्या येत नाहीत. मात्र हा कठोर निकाल बदलता आला तर तो पुढच्या विज्ञानाने बदलावा, असंही त्यांनीच म्हटलं होतं. लोकांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. पाठ्यपुस्तकांतही पुढे कितीतरी वर्षं पहिलाच भाग छापला जात राहिला.

१९६५ साली अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास या दोघांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्याने जन्मलेल्या पेशी दाखवल्या. रीत साधी होती. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते, त्यासाठी तिला थायमिडीन लागतं. त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं थायमिडीन टोचलं आणि काही काळाने ती खूण कुठे सापडते ते पाहिलं. ती सापडली हिप्पोकॅम्पसमध्ये. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूत खोलवर असलेला हा भाग नव्या आठवणी बसवतो आणि जागांचा नकाशा सांभाळतो. स्मृतिभ्रंशात सुरुवातीलाच ज्याची पडझड होते तोही हाच. त्या शोधाकडे पुढची दोन दशकं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. गोपाल दासांचं नाव आपल्याकडेही किती जणांना ठाऊक आहे?

मग पक्ष्यांनी साक्ष दिली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८३ साली प्रौढ कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दाखवल्या. पुढे १९९४ मध्ये त्यांनी आणि अनात बार्निया यांनी चिकडी नावाच्या लहानशा पक्ष्याचा अभ्यास केला. हा पक्षी हिवाळ्यासाठी दाणे शेकडो ठिकाणी लपवतो आणि नंतर शोधून काढतो. रानात मोकळ्या फिरणाऱ्या चिकडींच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त आढळल्या, पिंजऱ्यातल्यांमध्ये कमी. पिंजऱ्यात खायला भरपूर होतं. शिकाऱ्याचं भय नव्हतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर सुरक्षितता आणि आराम.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार फाटकाची. आमच्यापैकी बरेच जण रोज बाहेर पडत. कुणी कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत, कुणी रिक्षाने सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायला. १८४० पासून चालू असलेल्या त्या वाचनालयाची पायरी चढणं हा आमच्यातल्या एका गृहस्थांचा आठवड्याचा नेम होता. एक बाई महिन्यातून एकदा जुन्या नाशकात जायच्या, भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार करत. काही घ्यायचं नसलं तरी. परत आल्या की कुठलं दुकान बंद झालं आणि कुठल्या वाड्याच्या जागी इमारत आली याचा वृत्तान्त जेवताना सगळ्यांना ऐकवायच्या.

हे फिरणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. १९९९ साली हेन्रिएट फान प्राग, गेर्ड केम्परमन आणि फ्रेड गेज यांनी उंदरांच्या पिंजऱ्यात नुसतं धावायचं चाक ठेवलं, तर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींचं प्रमाण वाढलं. २००५ मध्ये तोच प्रयोग एकोणीस महिन्यांच्या, म्हणजे उंदरांच्या हिशेबाने चांगल्याच म्हाताऱ्या उंदरांवर झाला. वयामुळे खाली आलेलं नव्या चेतापेशींचं प्रमाण तरुण उंदरांच्या जवळपास निम्म्यापर्यंत परत वर आलं, आणि पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधून काढायलाही ते बाकीच्या म्हाताऱ्या उंदरांपेक्षा लवकर शिकले. माणसांबाबत बोलायचं तर २०११ साली कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० ज्येष्ठांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने हातपाय ताणण्याचा. चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा दीड टक्क्याच्या आसपास घटला. आकार वाढला म्हणजे नव्या पेशीच आल्या असं त्यातून सिद्ध होत नाही; रक्तवाहिन्या वाढल्या असतील, जुन्या पेशींचे फाटे वाढले असतील. पण चालण्याचा व्यायाम साठीनंतर सुरू केला तरी मेंदू त्याला दाद देतो, इतकं नक्की.

तुम्ही म्हणाल, चाला की, आवारात गोल गोल चाला. इथे मला २०१३ सालचा एक प्रयोग सांगायचा आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग. केम्परमन यांच्या जर्मनीतल्या गटाने चाळीस उंदीर घेतले. सगळ्यांची जनुकं एकसारखी, जणू चाळीस जुळी भावंडं. त्यांना अनेक मजल्यांच्या एकाच मोठ्या पिंजऱ्यात तीन महिने ठेवलं आणि कोण कुठे जातं हे टिपणारी खूण प्रत्येकाला लावली. जनुकं तीच, जागा तीच, खाणं तेच. तरी दिवस गेले तसे उंदीर एकमेकांपासून वेगळे होत गेले. काही जण ठरावीक कोपऱ्यात रमले, काही जण रोज नव्या जागा धुंडाळत राहिले. शेवटी तपासलं तेव्हा ज्यांचा वावर जास्त पसरलेला आणि वैविध्याचा होता, त्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी जास्त होत्या.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. चांगली जागा देणं पुरेसं नाही, त्या जागेत आपलं आपण भटकता यायला हवं, असं मला त्यातून दिसतं. कुठे जायचं हे ज्याचं त्याने ठरवायला हवं. आमच्या फाटकाच्या कुलपाने नेमकं तेच काढून घेतलं. आणि परवानगी कुणाची? पुण्यात किंवा अमेरिकेत बसलेल्या मुलाची. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने कोथिंबीर आणायला मुलाची सही मागायची! हा कायद्याचाही प्रश्न आहे, पण तो मी वकिलांवर सोडते.

बागेकडे येते. बाग म्हणजे फार मोठं काही नाही: कढीपत्ता, अबोली, दोन पेरू, आणि लोखंडी अँगलच्या मांडवावर चढवलेला द्राक्षाचा वेल. हा वेल निफाडकडच्या एका शेतकरी गृहस्थांनी लावला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अख्खं आयुष्य द्राक्षात गेलेला माणूस. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन तारखांभोवती त्यांचं वर्ष अजूनही फिरतं. मुंबईत बँकेत नोकरी करून आलेल्या एका बाईंना त्यांनी छाटणी शिकवली. काडी जाडीने कशी पारखायची, किती डोळे राखून कात्री लावायची, फळ कुठल्या डोळ्यातून येणार. बाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या आणि त्याआधी त्यांनी तुळशीशिवाय काही लावलं नव्हतं. सुरुवातीला अण्णा त्यांच्यावर चिडत. मग एका वर्षी बाईंनी अण्णांच्या छाटणीत खोट काढली आणि ती बरोबर निघाली. त्या दिवशी अण्णा जेवायला उशिरा आले.

या छाटणीचं आणि मेंदूचं नातं मला लावावं लागत नाही, प्रयोगांनी लावलेलं आहे. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज हजारो नव्या पेशी जन्मतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा थोड्याच आठवड्यांत मरून जातात. एलिझाबेथ गुल्ड आणि ट्रेसी शोर्स यांनी १९९९ साली दाखवलं की त्या काळात प्राण्याला हिप्पोकॅम्पसचा कस लागेल असं काही नवीन शिकायला मिळालं, तर जास्त पेशी जगतात. पुढच्या कामात शोर्स यांना असंही दिसलं की शिकणं सोपं असून चालत नाही. धडपडावं लागलं आणि अखेर जमलं, तर पेशी टिकतात. समोर काहीतरी हलत राहिलं म्हणजे मेंदू कामाला लागला असं होत नाही. टीव्हीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, त्यावर वेगळा परिच्छेद खर्च करत नाही.

परिसराचा प्रश्न तर याहून जुना आहे. १९४० च्या दशकात कॅनडाचे डोनाल्ड हेब प्रयोगशाळेतले काही उंदीर घरी घेऊन गेले. घरात मोकळे वावरलेले ते उंदीर पिंजऱ्यातल्यांपेक्षा कोडी लवकर सोडवत, असं त्यांना आढळलं. १९६० च्या दशकात बर्कलीला मेरियन डायमंड, मार्क रोझेनझ्वाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सोबती, शिड्या, खेळणी असलेले पिंजरे दिले. खेळणी वरचेवर बदलत ठेवली. त्या उंदरांच्या मेंदूचा बाहेरचा थर जाड झाला. १९९७ मध्ये केम्परमन, गेऑर्ग कून आणि गेज यांनी अशाच समृद्ध परिसरात वाढलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरस या भागात सुमारे १५ टक्के जास्त पेशी मोजल्या. पुढच्याच वर्षी म्हाताऱ्या उंदरांवर प्रयोग झाला. उतारवयात समृद्ध परिसरात हलवलेल्या उंदरांमध्येही नव्या चेतापेशी वाढल्या. तेव्हा 'या वयात' हा मुद्दा प्रयोगशाळेत १९९८ सालीच निकालात निघाला आहे. निदान उंदरांपुरता.

तिसरी तक्रार पंगतीची. जेवण खोलीत पोहोचवणं हा तुमच्या दृष्टीने सेवेचा विस्तार असेल. भोजनगृहातल्या त्या लांब बाकांवर आमची भांडणं होतात हे खरं आहे. कुणाला मिसळीबरोबर पापड हवाच असतो, कुणाला मिसळच नको असते. एक गृहस्थ रोज तोच विनोद सांगतात. पण दिवसातून दोनदा प्रत्येक जण दिसतो, आणि जो दिसत नाही त्याची चौकशी होते. गेल्या हिवाळ्यात एका आजींना ताप भरलाय हे कळलं ते त्यांची जागा रिकामी दिसली म्हणून, तपासणीच्या फेरीत नव्हे.

२००६ साली अलेक्सिस स्ट्रॅनाहन, डेव्हिड खलील आणि गुल्ड यांनी उंदरांचे दोन गट केले. एक गटाने राहणारे, दुसरे एकेकटे ठेवलेले. दोघांनाही धावायचं चाक दिलं. गटातल्यांमध्ये धावण्याने नव्या चेतापेशी वाढल्या. एकट्यांमध्ये तो फायदा लवकर दिसलाच नाही. उलट सुरुवातीला नव्या पेशींची निर्मिती मंदावली. तितकंच धावूनही! उद्या तुम्ही आमच्यासाठी व्यायामाची यंत्रं आणलीत तरी एकट्या खोलीत जेवणाऱ्या माणसाला ती किती उपयोगी पडतील, याचा विचार करा. हे उंदरांचं झालं म्हणून बाजूला सारायचं असेल, तर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ सालचा अहवाल पाहा. स्मृतिभ्रंशाच्या ज्या जोखमी बदलता येण्याजोग्या आहेत अशा चौदा गोष्टी त्यात दिल्या आहेत, आणि त्या दूर झाल्या तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज केला आहे. त्या चौदांत समाजापासून तुटलेपण आहे, शारीरिक हालचालींचा अभाव आहे, नैराश्य आहे, कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे. तुमच्या एका परिपत्रकाने त्यातल्या पहिल्या दोहोंची सोय केली, तिसरी मागून येईल.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. आम्ही गॅसजवळ जाऊ नये हे मान्य. पण मेथी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण सोलणं यात कसला धोका आहे? स्वच्छतेचा प्रश्न असेल तर हात धुऊन, डोक्याला टोपी घालून बसू. त्या तासाभरात जितक्या पाककृतींची देवघेव आणि जितक्या सुनांची उठाठेव होते, तितकी दुसरीकडे कुठे होत नाही.

वाचनाच्या खोलीबद्दल तर काय बोलायचं? कार्यालयाला जागा कमी पडते म्हणून पुस्तकांची कपाटं जिन्याखाली गेली. पेटी आणि तबला कुठे गेले ते अजून कळलेलं नाही.

आता तुमची बाजू. श्रावणात आमच्यातले एक जण बागेतल्या शेवाळावर घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. ते अजून अंथरुणावर आहेत. ही लहान गोष्ट नाही, आणि त्यांच्या मुलाने तुम्हाला काय काय ऐकवलं असेल याची मला कल्पना आहे. पण शेवाळावर घसरले तर उपाय शेवाळाचा करायचा. पायवाटेला कठडा, खरखरीत फरशी, पावसाळ्यात चुना किंवा ब्लीचिंग पावडर. माझ्या माहितीत इथली बहुतेक माणसं पडली ती न्हाणीघरात, आणि तिथे धरायला दांडी बसवण्याचा आमचा अर्ज जुनाच पडून आहे. न्हाणीघर मात्र तुम्ही बंद केलं नाहीत.

तुमच्यात एक डॉक्टर आहेत. ते म्हणतील, मावशी, उंदरांचं माणसाला लावू नका; माणसाच्या मेंदूत प्रौढपणी नव्या चेतापेशी येतात की नाही यावर अजून वाद आहे. त्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून तो वादही इथे मांडते. १९९८ साली स्वीडनचे पेटर एरिक्सन आणि अमेरिकेचे गेज यांनी पाच कर्करोगग्रस्तांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली. या रुग्णांना जिवंतपणी निदानाच्या कामासाठी एक असं द्रव्य दिलेलं होतं जे दुभंगणाऱ्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसतं. ते हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींत सापडलं. २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि योनास फ्रिसेन यांनी वेगळीच वाट काढली. १९६३ चा करार होईपर्यंत उघड्यावर अणुचाचण्या होत होत्या, त्याने हवेतला कार्बन-१४ वाढला आणि नंतर कमी होत गेला. तो झाडांतून अन्नात आणि अन्नातून आपल्या डीएनएत आला. त्यामुळे पेशी कुठल्या सुमाराला जन्मली याचा अंदाज बांधता येतो. त्यांचा हिशेब असा निघाला की प्रौढ माणसाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज प्रत्येकी सुमारे ७०० नव्या चेतापेशी येतात, आणि वयानुसार होणारी घट फार मोठी नाही.

२०१८ मध्ये मात्र कॅलिफोर्नियातल्या शॉन सॉरेल्स, आर्तुरो आल्वारेझ-बुइया आणि इतरांनी सांगितलं की लहानपणानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरतं आणि प्रौढांमध्ये त्यांना नव्या चेतापेशी दिसल्याच नाहीत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या माउरा बोल्द्रीनी यांच्या गटाला त्या ७९ वर्षांपर्यंतच्या माणसांत दिसल्या. २०१९ मध्ये माद्रिदच्या मारिया यॉरेन्स-मार्टिन यांच्या गटाने ८७ वर्षांच्या माणसातही दाखवल्या, आणि अल्झायमरच्या रुग्णांत त्या कमी होत जातात असंही दाखवलं. त्यांचं म्हणणं, मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा रसायनात किती वेळ राहिला यावर खुणा दिसणं अवलंबून असतं. २०२५ साली फ्रिसेन यांच्या गटाने ज्यांच्यापासून नव्या चेतापेशी तयार होतात त्या दुभंगणाऱ्या मूळ पेशीच प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये शोधून काढल्या. माणसागणिक त्यांच्या प्रमाणात पुष्कळ फरक होता.

वाद मिटलाय असं मी म्हणणार नाही. जिवंत माणसाच्या डोक्यात नव्या चेतापेशी मोजण्याचं साधन आज कुणाकडे नाही, त्यामुळे छाटणी शिकल्याने त्या बाईंच्या मेंदूत अमुक पेशी वाढल्या असं मला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नये. पण 'काही होत नाही' हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. तुम्ही मात्र ते गृहीत धरून कुलूप लावलंत. जिथे विज्ञान अजून चाचपडतं आहे तिथे आमच्या वाट्याला कुठली बाजू यावी हे ठरवताना आम्हाला विचारायला हवं होतं. आणि एकही नवी पेशी जन्मत नाही असं उद्या ठरलं, तरी चालण्याने गुडघे-हृदय बरं राहतं, चार माणसांत जेवण जास्त जातं आणि शिकण्यात दिवस बरा जातो, याला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

आणखी एक. दीर्घकाळचा ताण नव्या पेशींची निर्मिती कमी करतो, हे गुल्ड यांच्यासह अनेकांच्या प्रयोगांतून आलं आहे. कुलपाचा आवाज ऐकून झोप उडणाऱ्या दोन आजी माझ्याच मजल्यावर आहेत.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. मुख्य फाटक सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडं असावं. बाहेर जाताना नोंदवहीत नाव, वेळ आणि कुठे जातोय हे लिहू, मोबाइल जवळ ठेवू. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे किंवा ज्यांना वाट चुकण्याचा धोका आहे, त्यांचा निर्णय डॉक्टरांनी एकेकाचा स्वतंत्र घ्यावा, आणि त्यांनाही सोबतीला माणूस देऊन रोज बाहेर न्यावं. त्यांना फिरण्याची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे.

२. बागेत पेव्हर ब्लॉक घालू नयेत. पायवाट दुरुस्त करावी, कठडा बसवावा. गाड्यांसाठी पुढच्या आवारात जागा आहे. विश्वस्तांच्या गाड्या महिन्यातून एकदाच येतात.

३. बागेचं दार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत उघडावं. गोडी छाटणी तुमच्या पुढच्या बैठकीसाठी थांबत नाही, आणि अण्णांचं वय ब्याऐंशी आहे.

४. न्हाणीघरांत दांड्या. हे सगळ्यात आधी करा, बाकी सगळं नाकारलंत तरी.

५. दोन्ही वेळा पंगत. खोलीत ताट फक्त आजारी माणसाला.

६. निवडण्या-सोलण्याचं काम, ज्याला हवं त्याला.

७. वाचनाची खोली परत. शिवाय आठवड्यातून दोनदा काहीतरी नवीन शिकवणारं कुणी यावं: मोडी, पेटी, मोबाइलवरचे व्यवहार, काहीही. नाशकात महाविद्यालयं भरपूर आहेत, मुलं आनंदाने येतील. आमच्याकडेही शिकवण्यासारखं आहे. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक जण इथे आहेत; खोटी नोट कशी ओळखायची हे ते मुलांना शिकवतील.

८. आमच्या रोजच्या जगण्याबद्दलचा कुठलाही निर्णय घेताना बैठकीत दोन निवासी असावेत, ते आम्ही निवडून देऊ.

टीव्हीची मागणी नाही. आलेले परत देता येत असतील तर द्या, त्या पैशात दांड्या बसतील.

यातलं जे मान्य नसेल त्याचं कारण लेखी कळवा. उत्तर त्याच फलकावर लावलंत तरी चालेल, फक्त अक्षर मोठं ठेवा. मागचं परिपत्रक वाचायला आम्हाला एकमेकांचे चष्मे मागावे लागले होते.

आपली,
एक निवासी
नाशिक